विसावी पाटी

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कागदावर चार ओळी लिहिलेल्या नाहीत, आणि माझेही लिहिणे परीक्षेच्या पेपरांपुरतेच. शिवाय जे सांगायचे आहे त्यात मला शोभेल असे काही नाही. वाचकांनी क्षमा करावी. पण वर्षभर हे मनात घेऊन फिरलो, आता राहवत नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या गावात मोठ्या माणसांसाठी साक्षरतेचा वर्ग सुरू केला. आमचे गाव अंबरनाथच्या शिवमंदिरापासून थोडे पलीकडे. मुंबईहून परतलो की दिवेलागणीला शाळेच्या पडवीत कंदील टांगायचा आणि तासभर शिकवायचे. कारखान्यात रोजावर जाणारे पुरुष येत, कॅम्पात भाजी विकणाऱ्या बायका येत. उल्हासनगर हे नाव तेव्हा झाले होते, पण आमच्या तोंडी कॅम्पच होते. तिथले एक सिंधी काका सायकलवर कापड विकत आमच्या बाजूला फिरत, तेही येऊन बसत. त्यांना त्यांची उजवीकडून डावीकडे लिहायची लिपी उत्तम येत होती. त्यामुळे सवयीने ते पाटीच्या उजव्या कडेपासून सुरुवात करत.

"काका, तुमची गाडी उलटी चालली," भाजीवाली मावशी म्हणे.

"गाडी सीधी है, मावशी. तुम लोग उलटा बैठा है."

पहिल्या पाट्या आणि रॉकेल अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या एका कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी दिले. त्यांना आम्ही साहेब म्हणत असू. पण एका माणसाच्या चांगुलपणावर वर्ग किती दिवस चालणार? पुस्तके, तेल, फळा यांची कायमची सोय व्हायची तर जिल्ह्याच्या कचेरीचे अनुदान हवे होते. ते मिळाले नाही तर पावसाळ्यानंतर वर्ग बंद करावा लागेल, हे सर्वांना ठाऊक होते. अट एकच होती: तपासणीच्या दिवशी निदान वीस माणसे पाटी घेऊन हजर हवीत. विसाच्या खाली वर्ग धरत नसत.

अर्जावर शिफारस साहेबांनीच लिहिली. मी त्यांच्या घरी गेलो होतो. भिंतीला लागून पुस्तकांचे काचेचे कपाट होते. साहेबांच्या बाईंनी मला कपबशीत चहा दिला; आमच्याकडे पितळीतून पीत, म्हणून मी ती कपबशी दोन्ही हातांनी धरली होती. लिहिता लिहिता साहेबांनी सहज विचारले, "वडील काय करतात?"

"शेती."

"शिकलेले आहेत?"

मी त्या कपाटाकडे पाहत म्हणालो, "सातवीची फायनल पास आहेत."

"वाटलंच मला," साहेब म्हणाले. "घरात असल्याशिवाय मुलगा असल्या कामात पडत नाही."

माझे वडील तेव्हा वर्गात पहिल्या रांगेत बसून अक्षरे गिरवत होते.

लढाईच्या काळात लष्कराच्या कॅम्पासाठी आमची जमीन गेली, तेव्हा वडिलांनी कागदावर अंगठा दिला होता. दोन शेते जाणार असे त्यांना सांगितले होते, गेली तीन. कागदात तीनच लिहिली होती, फक्त ती वाचणारे आमच्यात कोणी नव्हते. आता कारखान्यांसाठी पुन्हा जमिनी घेणार अशी बोलवा होती. "ह्या खेपेला आधी वाचीन, मंग सई करीन," एवढाच त्यांचा हट्ट होता. मी घरी शिकवतो म्हटले तर ऐकेनात. "घरात मी तुजा बा. तिकडं तू मास्तर. तिकडंच बसतो." आणि खरोखरच मी पडवीत शिरलो की ते इतरांबरोबर उठून उभे राहत. मला ते नको वाटे. मी सांगितले, तरी ते उठतच राहिले.

तपासणीची तारीख आली. बदलापूरचा वर्ग पाहून तपासनीस आमच्याकडे येणार होते, आणि साहेब त्यांच्याबरोबर असणार होते. चाचणीत प्रत्येकाला नाव विचारणार, चार ओळी वाचायला लावणार. वडिलांनी नाव सांगितले की साहेबांना कळणारच.

पटावर बावीस नावे होती. वडील वगळून एकवीस. एवढी पुरतील, असा मी हिशेब केला. आदल्या दिवशी ते गुरांना पाणी दाखवत होते, तिथे जाऊन मी म्हणालो, "बा, उद्या तू नको येऊस."

"उद्या तर साहेब येनार ना? मना आता सई येते."

"उद्या गर्दी होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बादलीकडे पाहत होतो.

"बरं," ते म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी त्यांची पाटी आणून दिली. "ने. कोनाला कमी पडली तर."

दुसऱ्या दिवशी एका बाईला ताप भरला, आणि एका माणसाची कारखान्यात पाळी बदलली. तपासनीस आले तेव्हा चटईवर एकोणीस माणसे होती.

चाचणी चांगली झाली. काकांनी डावीकडून सुरुवात केली, तेव्हा मावशीने हळूच चिमटा काढला, "आज गाडी सरळ चालली व्हय?" तपासनीससुद्धा हसले. मग ते डोकी मोजू लागले. शेवटी चटईच्या कडेला मी ठेवलेल्या, माणूस नसलेल्या पाटीपाशी थांबले. "ही कोणाची?"

पाटीवर वडिलांचे नाव होते. पाटी माझ्याकडे देण्याआधीच त्यांनी ते लिहिले असावे. मी पाहिलेच नव्हते. अक्षरे मोठी, शेवटची दोन खाली घसरलेली. मी पुढे होऊन पाटी उचलली, तळहाताने पुसली आणि म्हणालो, "जास्तीची आहे."

साहेबांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "अजून कोणी यायचं असेल तर थांबू थोडा वेळ. काय हो?"

तपासनिसांनी मान हलवली. पडवीतून आमचे घर दिसत होते. वडील धुतलेला सदरा घालून उंबऱ्यावर बसले होते. हाक मारली असती तर आले असते.

मावशी म्हणाली, "मास्तर, तुजा बा..."

"मावशी, पाटी नीट धरा," मी म्हणालो. मग साहेबांकडे वळून सांगितले, "नाही, कोणी नाही."

त्यानंतर तीन महिने आम्ही वाट पाहिली. पावसाळा सरला. साहेबांनी दिलेले रॉकेल संपत आले, तेव्हा कंदिलाची वात मी बारीक ठेवू लागलो. वडील पूर्वीसारखेच येऊन पहिल्या रांगेत बसत, पूर्वीसारखेच उठून उभे राहत. त्या दिवसाबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही.

कचेरीचे पत्र मी वर्गातच उघडले, कारण सगळे भोवती जमले होते. त्यात लिहिले होते की वर्गाची प्रगती समाधानकारक आहे, मात्र उपस्थिती एकाने कमी भरल्यामुळे अनुदान मंजूर करता येत नाही. मी ते वाचून दाखवले.

काका भडकले. "एक आदमी के वास्ते? कौन नहीं आया था उस रोज?"

ताप आलेली बाई मागच्या रांगेत होती. तिने पदर तोंडाला लावला. "मीच ती. मना उठवत नव्हतं, मास्तर," असे म्हणून ती रडायला लागली. मी तेव्हा बोलायला हवे होते. पत्र हातात धरून मी नुसता उभा राहिलो.

वडील उठून उभे राहिले.

"तू नको रडू गो," ते म्हणाले. "तू आजारी व्हतीस. मी धडधाकट घरी व्हतो. आमची म्हस व्याली त्या दिशी, म्हनून नाय आलो. माजीच चूक."

काका काहीतरी पुटपुटले. ते कॅम्पातले, त्यांना काय ठाऊक. बाकीच्या सगळ्यांना माहीत होते की आमच्याकडे फक्त बैलजोडी आहे, म्हैस आम्ही कधी पाळलीच नाही. मावशीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग पाटीवर मान खाली घातली. वडील अजून उभेच होते. मी बसा म्हटल्याशिवाय ते वर्गात कधी बसत नसत.