हळदीचा ड्रम आणि माझा उजवा कान

हळद शिजून वाळली की आमच्याकडं ती लोखंडी ड्रमात भरून ट्रॅक्टरवर गरागरा फिरवतात. हळकुंडं घासून पिवळीजर्द होतात. ड्रम कधी थांबवायचा हे बाकीचे झाकण उघडून बघतात. मी आवाजावरून सांगतो. निदान तसा माझा समज आहे. त्यापायी दिवसभर ड्रमला खेटून उभा राहायचो आणि संध्याकाळी कानात रातकिड्यांची किरकिर घेऊन घरी यायचो. याला मी कसब म्हणायचो.

यंदा ते रातकिडे जाईचनात. म्हणून मी आगपेटीच्या काडीनं कान कोरला. वरून बायकोनं लसूण टाकून कढवलेलं करडीचं तेल कोमट करून ओतलं. सकाळी उजवा कान ठार बंद! डोक्यावर घमेलं पालथं घातल्यागत वाटू लागलं.

एरवी मी खुशाल बहिरा राहिलो असतो, पण लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली. दिवस भरत आलेले. नातवंडाचं पहिलं रडणं आपल्याला ऐकूच आलं नाही तर? जेवण जाईना. शेवटी बायकोला घेऊन वसमतला कानाचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड टाकून विचारलं, "काका, काडी घातली होती?"

"न्हाई."

"घातली की!" बायको म्हणाली. "आन् तेल म्या घातलं. लेक बाळंतपणाला आली, म्हून घाई."

"छान. काडीनं मळ आत ठासला, तेलानं तो फुगला. पडदा फाटला नाही हे नशीब. आता काडी नाही, तेल नाही. येणाऱ्या लेकराच्या कानातसुद्धा नाही."

त्यांनी मळ काढला आणि पंख्याची घरघर एकदम आत शिरली. मी खूश. पण ड्रमचं ऐकल्यावर बाई गंभीर झाल्या. "मळ काढता येतो, काका. आवाजानं गेलेलं ऐकणं परत आणता येत नाही. कानात रातकिडे म्हणजे कानाची तक्रार असते. लांब उभे राहा, आवाज अडवणारे हेडफोनसारखे मफ कानांवर लावा."

मफ घालून मी ड्रमजवळ गेलो तर गडी म्हणाले, "मालक, विमान चालवून राहिले का?" म्हटलं, हसा लेकहो.

आठवडाभरानं दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघं बसलो होतो. बंद दारामागून अगदी बारीक, चिडकं रडणं आलं. उजव्या कानानंही बराबर ऐकलं. मी उठून दाराला कानच लावला.

बायकोनं पदर तोंडाला लावून माझ्याकडं पाहिलं. "ते लेकरू रडून राहिलं ते ठीक. तुमी काहून रडून राहिले?"