सुखरूप लिहिलेल्या बायका

दिवाळीनंतर आमच्या डोंगराकडच्या गावांत माणसं कमी आणि ऊन जास्त असतं. टोळ्या दसरा करून ऊसतोडीला गेलेल्या असतात आणि धारूरच्या घाटापासून खाली सगळीकडं एक पिवळट झोप पसरलेली असते. त्या झोपेतून मी वही घेऊन फिरलो. आता दुपारी डोळा लागला की तोच रस्ता दिसतो. मी चालतोय, पायांचा आवाज होत नाही, आणि ओसरीओसरीवर म्हातारी माणसं माझ्याकडं बघत बसलेली आहेत.

आरोग्य खात्यातून निवृत्त झाल्यावर मी एका अभ्यासाचं काम घेतलं होतं. प्रमुख डॉक्टरबाईंनी ते आम्हाला नीट समजावून दिलं. गरोदर बायकांचे दोन गट करायचे, तोडीला जाणाऱ्या आणि गावात राहणाऱ्या. मग त्या बाळंत होईपर्यंत दोन्ही गटांच्या मागं राहायचं आणि कुणाचं काय झालं ते लिहायचं. याला त्या कोहॉर्ट म्हणायच्या. "शेवट आपल्याला ठाऊक नाही, म्हणून आपण सोबत चालायचं," असं त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

वहीतल्या प्रत्येक फॉर्मच्या शेवटी तीन रकाने होते: सुखरूप, अडचण, माहिती नाही. बाईशी स्वतः बोलणं झालं नसेल तर तिसऱ्यावर खूण करायची, हे बजावून सांगितलं होतं.

पण बायका दूर फडावर. फोन मुकादमाकडं, तो दिवसभर उचलायचा नाही. मग मी घरी राहिलेल्या सासूला विचारायचो. ती म्हणायची, बरी हाय. मी सुखरूपवर खूण करायचो.

माझा गुन्हा नेमका कुठं आहे ते सांगतो. आमच्याकडं फडावरची वाईट खबर गावात धाडत नाहीत. टोळीला हंगाम सोडून येता येत नाही, मग म्हाताऱ्यांच्या जिवाला घोर कशाला? जे झालं ते परतल्यावर सांगतात. मी याच भागातला, सासूला काही कळलेलं नसणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पानामागून पान 'माहिती नाही' दिसलं की मी घरी झोपा काढल्यासारखं वाटायचं. टोळ्या आल्यावर पुन्हा जाता आलं असतं. तोवर मी वह्या जमा करून मोकळा झालो होतो.

निष्कर्ष निघाले तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. फडांवर हंगामभर नर्स द्यावी असं मागणं डॉक्टरबाई करणार होत्या. तो कागद पुढं गेलाच नाही.

त्यांचं मन मात्र मानेना. पुढच्या वर्षी त्या शेवटाकडून मागं निघाल्या. बाळ दगावलेल्या बायका एका बाजूला, बाळ सुखरूप असलेल्या दुसऱ्या बाजूला तुलनेसाठी. दोघींनाही मागचं सारखंच विचारायचं: कितव्या महिन्यापर्यंत वाकून तोडलं, मोळ्या उचलल्या का, प्यायला पाणी कुठलं होतं. हा झाला केस-कंट्रोल अभ्यास. तुलनेच्या बायका माझ्याच वहीतून निवडल्या होत्या.

प्रश्न विचारायला एक तरुण डॉक्टर मुलगी होती आणि वाट दाखवायला मी. उन्हाळ्यात, टोळ्या घरी असताना, आम्ही एका घरी गेलो. सासू दारातच होती.

"आलं का कागदवालं? आता काय मोजायचं ऱ्हायलंय, दात? मोजा, लवकर व्हईल."

आम्ही हसलो. सून परातीत ज्वारी निवडत होती. तिनं सगळी उत्तरं दिली. उठता उठता मुलीनं सहज विचारलं, बाळ किती मोठं झालं? हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. वहीत बाळ सुखरूपच होतं. सुनेचे हात थांबले. तिनं मुलीकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"कोनचं बाळ, मामा?"

मुलगी म्हणाली, कागदावर तर सुखरूप लिहिलंय.

"कोन म्हनलं? आठव्या म्हैन्यात फडातच गेलं ते. तिथंच बांधाच्या कडंला पुरून आलो आमी. मला तर कुनी इचारलंच न्हाई."

मी म्हणालो, लिहिताना चूक झाली असेल. मुलीनं सुनेचा फॉर्म तुलनेच्या गठ्ठ्यातून काढून दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवला. एक बाई जागेवर आली. बाकीच्यांबद्दल मी गप्प राहिलो. परतताना मांजरसुंब्याला आम्ही चहा घेतला. मुलगी काहीतरी बोलत होती आणि तिचा आवाज मला पाण्याखालून आल्यासारखा येत होता. त्या गठ्ठ्यात अशा आणखी बायका राहिल्याच, आणि दोन्ही बाजू पुन्हा जवळजवळ सारख्याच निघाल्या.

गेल्या महिन्यात मी बीडला जाऊन डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती जणी?"

मला आकडा सांगता येईना. त्यांनी जुने फॉर्म पुढ्यात ठेवले. दुपारभर मी पानं उलटत होतो. एकेक चेहरा वर यायचा आणि विरघळून जायचा. जिच्याशी बोललो नव्हतो तिथं सुखरूप खोडून तिसऱ्या रकान्यात खूण केली. प्रत्येक खाडाखोडीखाली सही आणि त्या दिवसाची तारीख.

"आता या सगळ्यांना परत विचारायचं," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय नर्सचं मागणं मला पुन्हा करता येणार नाही."

मी येतो म्हणालो.

"तुम्ही नाही. तुमच्यासमोर त्या कशाला बोलतील?" आवाजात राग नव्हता. "पण घरं तुम्हालाच ठाऊक आहेत. तेवढं लिहून द्या."

त्यांनी कोरा कागद दिला. मी लिहायला बसलो. शाळेच्या मागून चढणीची वाट, उजव्या हाताला तिसरं घर, पत्र्याचं, दारात शेवगा. सून दुपारी घरी असते. जायचं ते दसऱ्याच्या आत.