फर्निचरात गेलेला कट्टा

धुण्याचा कट्टा मी फर्निचर म्हणून नोंदवला. काँक्रीटचा, जमिनीत पाय रोवून उभा राहणारा, हलवायचा तर जेसीबीच बोलवावा लागेल असा कट्टा, आणि मी त्याला खुर्च्या-टेबलांच्या पंगतीत बसवला. माझा बचाव एवढाच की समोरच्या यादीत दुसरं काही जवळचं सापडेना, आणि मला जेवायला घरी जायचं होतं.

ही २०१७ सालची गोष्ट. डहाणू स्टेशनजवळ माझं नकाशे काढायचं छोटं ऑफिस आहे. बोर्डीच्या चिकूवाडीतला एखादा बंगला, कैनाडकडचं एखादं घर, असली कामं. त्यात तलासरीजवळच्या एका संस्थेचं पाचवी ते दहावीच्या मुलींचं नवं वसतिगृह आलं. देणगीदार मुंबईचे. त्यांची अट अशी की इमारत आधी संगणकात बांधायची, मग जमिनीवर. या पद्धतीला बीआयएम म्हणतात. कागदावर भिंत म्हणजे दोन रेघा. इथे भिंतीला ठाऊक असतं की आपण भिंत आहोत, किती जाड आहोत, आपल्याला विटा किती लागतील. त्यासाठी प्रत्येक वस्तूला एक वर्ग द्यायचा. त्या वर्गावरून संगणक कामाची यादी काढतो, आणि यादीत जे नाही ते ठेकेदार बांधत नाही.

अटीच्या शेवटी ‘राष्ट्रीय मानकांनुसार’ असे शब्द होते. मी मानकं शोधायला लागलो. नवी राष्ट्रीय बांधकाम संहिता नुकतीच आली होती, दोन जाडजूड खंड. तिच्यात या पद्धतीचा उल्लेख होता. पण कुठल्या वस्तूला कुठला वर्ग, फायलीला नाव काय, हे सक्तीने सांगणारं मला काही सापडलं नाही. देणगीदारांच्या वतीने काम बघणारी समन्वयक माझ्या मुलीच्या वयाची होती. तिला फोन लावला.

“मॅडम, नियम कोणते?”

“तसे नियम नाहीयेत अजून, काका.”

“मग पाळायचे कोणते?”

“ते तुम्ही लिहायचेत ना! आपल्या प्रोजेक्टपुरते. मी टेम्प्लेट पाठवते.”

टेम्प्लेट इंग्लंडचं निघालं. त्यात छपरावर साचणाऱ्या बर्फाचा रकाना होता. तलासरीच्या इमारतीसाठी तिथे ‘लागू नाही’ लिहिताना अंगाला जरा गार वाटलं. तर राष्ट्राचं जे काम राहून गेलं होतं ते मी डहाणूत पंख्याखाली बसून आठवडाभरात उरकलं. माझी ऐट इतकी वाढली की स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही वर्गवार क्रमांक देण्याचा प्रस्ताव मी घरात मांडला. बायकोने तो मांडला होता तिथेच राहू दिला.

माझ्या नियमांत एक कलम होतं: फर्निचर म्हणजे बांधकाम नव्हे, ते मागाहून विकत घ्यायचं, सबब कामाच्या यादीतून आपोआप वगळावं. कलम चांगलंच होतं. कट्टा त्यात सापडला, एवढंच.

आणि तो कट्टा साधासुधा नव्हता. वसतिगृहाच्या अधीक्षिका बाईंनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, “भाऊ, तुम्हाला बाकी काय करायचं ते करा. मला धुण्याची जागा आवारात पाहिजे.” जुन्या इमारतीत प्यायच्या पाण्याचीच मारामार. त्यामुळे मुली बादल्या घेऊन हायवे ओलांडायच्या, पलीकडच्या विहिरीवर धुवायला. सकाळी बाई स्वतः हायवेवर हात आडवे करून उभ्या राहायच्या आणि ट्रक थांबवायच्या. थांबायचे बरेचसे. सगळे नाही.

मॉडेल पक्कं करायच्या दिवशी आम्ही तिघं संस्थेच्या ऑफिसात जमलो. समन्वयक मुंबईहून लॅपटॉप घेऊन आली होती. त्या दिवसानंतर बदल बंद, म्हणजे ‘फ्रीझ’, हाही माझाच नियम. पडद्यावर ती बाईंना इमारतीतून फिरवत होती.

“जिना बरा आहे,” बाई म्हणाल्या. “संडास आत घेतलेत, छान केलंत. कट्टा?”

“हा काय.” मी बोट ठेवलं. चित्रात कट्टा झकास दिसत होता, वर नळसुद्धा.

समन्वयकेने यादी खालीवर केली. “दिसतोय, पण यादीत नाहीये. काका, तुम्ही फर्निचरमध्ये टाकलाय.”

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे तो बांधणार नाहीत. नंतर विकत घ्यायचा.”

बाई माझ्याकडे वळल्या. “कट्टा विकत? वापीला मिळतो का हो? पोरींना सांगते मग, जा, घडी घालून घेऊन या.”

मी पाणी प्यालो. समन्वयक बिचारी पुन्हा वर्गांची यादी चाळायला लागली. लाँड्री म्हटलं की वॉशिंग मशीन येत होतं. सिंक म्हटलं की चकचकीत स्टीलचं भांडं. कपडे आपटायची जागा त्या यादी करणाऱ्यांच्या देशात बहुधा नसावी.

“काका, वर्ग नसेल तर मी घेऊ कशी? आज फ्रीझ आहे.”

“फ्लोअर म्हणून घ्या,” मी म्हणालो. “सपाट आहे, काँक्रीट आहे, पाणी जायला उतार आहे.”

“कमरेएवढ्या उंचीवरचा फ्लोअर?”

“किती उंचीपर्यंत फ्लोअर म्हणायचं, असं नियमात कुठे लिहिलंय?”

“नियम तुमचेच आहेत काका!”

“म्हणून तर विचारतोय. मी तसं काही लिहिलेलं नाही.”

ती हसली, आणि हसत असतानाच तिने वर्ग बदलला. यादीत एक ओळ वाढली. बाईंनी ती ओळ स्वतः वाचली, पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावली.

“उंचीचा आकडा द्या आता,” समन्वयक म्हणाली. “स्टँडर्ड काय असते?”

ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी बाई उठल्या. खुर्चीवरचा टॉवेल उचलला, पदर खोचला आणि म्हणाल्या, “हे बघा, असं आपटायचं.” ऑफिसातल्या ऑफिसात त्यांनी दणकून धुणं धुतलं. मी टेप घेऊन गुडघ्यावर बसलो आणि जिथे त्यांचा हात आरामात टेकत होता तिथवरचं माप घेतलं. आकडा भरला. मॉडेल पक्कं झालं.

“आता कुणी काढला ना,” बाई समन्वयकेला म्हणाल्या, “तर धुणं घेऊन तुमच्या मुंबईच्या ऑफिसात येईन हां.”

संध्याकाळी चहा घेताना मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. देशात आजवर कुणी ठरवली नव्हती ती धुण्याच्या कट्ट्याची उंची अखेर तलासरीत ठरली, ती मोजायचा मान मला मिळाला, वगैरे. “कितीशी?” तिने विचारलं. मी उभा राहून कमरेशी हात धरून दाखवला. तिने हाताकडे पाहिलं, कपातला चहा संपवला आणि म्हणाली,

“तिथे धुणं बाई धुणार आहेत, का पाचवीतल्या पोरी?”