उसन्या दंडाचा बीपी

आमच्या चाकणच्या वस्तीत बीपीचं मशीन खोलीखोलीतून फिरतं. ज्यानं त्यानं दंडाला पट्टा बांधायचा, आकड्यांचा फोटो काढायचा आणि मला मोबाइलवर पाठवायचा. आकडा वाढलेला दिसला की मी त्याच्या दारात. एका संस्थेनं हे काम वस्तीतल्याच माणसांना शिकवलं. मला घेतलं, कारण मला स्वतःला बीपी आहे, मी रोज गोळी घेते आणि कुणी टाळाटाळ केली की त्याची बिनपाण्यानं करते. हा शेवटचा गुण सगळ्यात उपयोगी पडला.

बायका पटापट फोटो पाठवायच्या. पुरुष मात्र महाबिलंदर. हे आकडे ठेकेदाराकडे जातात आणि बीपीवाल्याला गेटवरूनच परत पाठवतात, अशी आवई त्यांच्यात कुणीतरी उठवली होती. तसं काही नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

माझे धाकटे दीर त्यातलेच. लातूरकडून आलेले, कंत्राटी कामगार, तंबाखूची पुडी कायम खिशात. कितीतरी दिवस त्यांनी मला गुंगारा दिला. एका रविवारी सकाळी अचानक त्यांचा फोटो आला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे! माझे सासरे छातीत कळ येऊन बसल्या जागी गेले होते, आणि हा त्यांचाच मुलगा.

गॅस बंद करून तशीच त्यांच्या खोलीवर धावले. भाऊजी निवांत पोहे खात बसलेले.

"उठा आधी! दवाखान्यात चला!"

"कशाला ओरडायलात, वहिनी? मला काही झालं नाही. तो बीपी माझा नव्हताच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पूर्वी कंपनीत एक जण दोघांची हजेरीची कार्डं पंच करायचा म्हणे. तीच युक्ती इथं वापरली होती. पट्टा बांधला होता खोलीतल्या सोबत्याच्या दंडाला. तो सडपातळ, माळकरी, सुपारीचंही व्यसन नसलेला. त्याला कसला आलाय बीपी, म्हणून भाऊजींनी आकडा न बघताच फोटो धाडून दिला होता.

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच खाली बसले. पण लगेच लक्षात आलं, तो दंड कुणाचा तरी होताच की!

तेवढ्यात सोबती आंघोळ करून आला. आजवर मशीनचं नाव काढलं की "मला काय धाड भरलीय?" म्हणून हसणारा माणूस. मी शिकवल्याप्रमाणे विचारलं, "छातीत काही होतं का?"

"जिना चढलं की दाबल्यागत होतंय. पित्त असंल. थंड दूध पितो मी."

ओव्हरटाइम बुडेल म्हणून तो कुरकुरत राहिला, पण मी कुणाचं ऐकणारी नव्हे. आम्ही दोघांनी त्याला रिक्षात घातलं आणि पिंपरीचा मोठा दवाखाना गाठला. वाटभर भाऊजी त्याचा हात धरून होते. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालीय. पण झटका आलेला नाही. वेळेत आणलंत." त्याच दिवशी उपचार सुरू झाले. मी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून पोटभर रडले. फार बरं वाटलं.

पुढे तो उठून बसला, चहा मागू लागला, तेव्हा मी भाऊजींना धारेवर धरलं. खोटेपणा, लबाडी, जिवाशी खेळ, तोंडाला येईल ते बोलले. सोबत्यानंच मला थांबवलं.

"वहिनी, त्याला बोलू नका. माझ्या नावानं असता तर मी तो फोटो पाठवलाच नसता. कामाची भीती मलाबी होतीच."

मग भाऊजींनी स्वतःहून शर्टाची बाही वर केली आणि नर्सला म्हणाले, "सिस्टर, माझा पण बघा."