शांताक्काचं पान मी बनवलं नव्हतं

आमच्या घरात लिंबू आणलं जातं ते सरबतासाठी, दाराला टांगायला नाही. अमावस्येला मी कितीतरी कॉम्प्युटर जोडलेत. बिघडले, पण पौर्णिमेला जोडलेल्यांइतकेच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून काहीजण मला ‘अनुभव आलेल्यां’च्या रांगेत बसवायला बघतील. मी बसणार नाही. जे झालं ते सांगतो... अर्थ ज्याचा त्याने लावावा.

२००५ च्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं वेबसाइट बनवण्याचं एका खोलीचं ऑफिस होतं. तिथल्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने मला काम दिलं — मंडळाची वेबसाइट, आणि तिच्यात प्रत्येक सभासदाला स्वतःचा सबडोमेन. म्हणजे मंडळाच्या पत्त्याआधी सभासदाचं नाव आणि एक टिंब टाकलं, की त्याच्या दुकानाचं वेगळं पान उघडणार. अध्यक्षांना — त्यांना सगळे अण्णा म्हणत — ही कल्पना भलतीच आवडली. चौकातल्या बोर्डावर कुणाचा फोटो मोठा यावरून दरवर्षी रुसवे व्हायचे. इथे प्रत्येकाला अख्खा बोर्डच मिळणार होता.

“फॉर्म भरला की पान आपोआप झालं पाहिजे. ऑटोमॅटिक!” अण्णा म्हणाले.

“अण्णा, तुम्ही घेतलंय शेअर्ड होस्टिंग,” मी म्हणालो. “एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट, चाळीत बिऱ्हाडं असतात तशा. आपोआपची सोय त्या कंपनीनं बंद ठेवलीय. प्रत्येक सबडोमेन मला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन हातानं बनवावा लागणार.”

“मग बनव की! लोकास्नी काय दिसतंय? आपण ऑटोमॅटिकच म्हणायचं.”

तर ऑटोमॅटिक म्हणजे मी. पासवर्डही फक्त माझ्याकडे. अण्णांनी हो म्हटलं की मी पान बनवायचो, नाही म्हटलं की नाही.

त्यांनी ‘नाही’ म्हटलं ते एकाच नावाला. शांताक्का. सीमेकडच्या गावातून लग्न होऊन आलेली, चटणी कांडपाचं, म्हणजे मिरची-मसाला कुटून देण्याचं, दुकान चालवणारी बाई. नवरा गेल्यावर सगळं तिनेच सांभाळलं होतं. पण मंडळाची रीत अशी, की दुकान घरातल्या पुरुषाच्या नावाने ओळखायचं. त्यामुळे सभासदत्व गेलं दिराकडे, बसाप्पाकडे. या गृहस्थाने आयुष्यात मिरचीचं देठ मोडलं नव्हतं. आता मात्र तो गिऱ्हाइकांना सांगत सुटला होता, “मंडळात माझं नाव हाय, दुकान माझंच.” वेबसाइटवरही त्याचंच नाव लागलं, तर उद्या अक्काला गल्ल्यावरून उठवायला त्याला वेळ लागला नसता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती माझ्या ऑफिसात येऊन स्वतः माहिती देऊन गेली होती. अण्णांनी ती बाजूला ठेवायला लावली, आणि पान झालं ते बसाप्पाच्या नावाने.

उद्घाटन रविवारी सकाळी, मंगल कार्यालयात. मॉनिटरला हळद-कुंकू, कीबोर्डला हार, सीपीयूपुढे नारळ. (कीबोर्डच्या फटींतलं कुंकू काढताना माझी श्रद्धा काही वाढली नाही.) भिंतीवर प्रोजेक्टर. अण्णा माइकवर गरजले, “कुणीबी नाव सांगा, पान उघडतंय बघा. ऑटोमॅटिक!”

बायकांच्या खुर्च्यांतून आवाज आला. “माझं टाका की, अण्णा. शांताक्का.”

पुढच्या रांगेतून बसाप्पा वळला. “वैनी, बसा खाली. दुकानाचं पान मगाशी उघडलंय. माझ्या नावानं.”

“कांडपाजवळ कधी उभा तरी राहिलास रं? मिरचीनं शिंक तरी आलीया का तुला कधी?”

हॉल हसला. अण्णांना ते खपलं नाही. “टाक रे तिचं नाव,” ते मला म्हणाले. “न्हाय म्हंजे न्हाय, हे एकदा डोळ्यांनी बघू दे.”

मी टाकलं. ‘पान सापडत नाही’ असं येणार, याची मला खात्री होती.

पान उघडलं. अख्ख्या भिंतीवर — शांताक्का कांडप केंद्र. मालक : शांताक्का.



“तू हिला सामील हाईस,” अण्णा माइक हाताने झाकून म्हणाले. मी नव्हतो. तिथल्या तिथे पॅनेल उघडून मी तो सबडोमेन काढून टाकला. यादीतून नाव गेलं. पत्ता टाकला... पान उघडलं. म्हटलं, कॉम्प्युटरने जुनंच धरून ठेवलं असेल. दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या सायबर कॅफेत जाऊन पाहिलं. उघडलं. वाटेल ती अक्षरं जोडून खोटी नावं टाकून पाहिली — ती उघडेनात. पासवर्ड बदलला, पुन्हा काढलं. सकाळी पॅनेलच्या यादीत नाव परत हजर. होस्टिंग कंपनीला लिहिलं. त्यांनी नम्रपणे ब्राउझर साफ करायला सांगितलं.

सोमवारी अण्णांनी मला मंडळाच्या कार्यालयात बोलावलं. बसाप्पा होता, खजिनदार होते. “आत्ताच्या आत्ता काढ. न्हायतर काम दुसऱ्याला देतो.”

मला राग आला. भीती नाही, राग. एका बाईचं नाव खोडायला मी काय पगारी रबर होतो?

“मी काढणार नाही,” मी म्हणालो आणि तिथल्या कॉम्प्युटरचा मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला. “पॅनेल उघडलंय. हे नाव, हे बटण. काढा तुम्ही.”

बसाप्पाने माउस धरला. बाण बटणापर्यंत गेला... आणि थांबला. “आज सोमवार हाय,” तो म्हणाला. “म्हादेवाच्या वारी असलं काय नको.” खजिनदार चहा सांगायला गेले ते परत आले नाहीत. अण्णांना अचानक कुणाला तरी फोन करायचा होता.

मंगळवारीही कुणी फिरकलं नाही. बुधवारीही नाही.

तोवर पेठेने निकाल देऊन टाकला होता — अक्काचा मालकच, म्हणजे गेलेला नवराच, हे करतोय. मी ते अक्काच्या कानावर घातलं. तिने मिरचीचं पोतं खाली आपटलं.

“जित्ता असताना त्येनं चार माणसांत कधी माझं नाव घेतलं न्हाय. मेल्यावर घेतंय व्हय? काय तर बोलू नगा.”

मंडळाने शेवटी तिला सभासद करून घेतलं. अण्णांनी त्याला स्त्री-सन्मानाचा कार्यक्रम असं नाव दिलं आणि त्यावर भाषणही ठोकलं. अक्काने नारळ घेतला, शाल परत केली. “तुमास्नीच ऱ्हाऊ द्या, अण्णा. माझ्या कांडपावर लई उकडतंय.” बसाप्पाचं पान मात्र मलाच काढावं लागलं. काढलं, आणि गुपचूप गेलं... परत आलं नाही.

तेव्हापासून मी बऱ्याच इंजिनिअरांना विचारलंय. प्रत्येकजण हसून एकच सांगतो — तुम्हीच बनवलं असणार, विसरला असाल. मी विसरलेलो नाही. भुताचं नाव घेणाऱ्यांना मी उभं करत नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत झालेलं झालंच नाही म्हणणाऱ्यांनाही नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही; त्यांच्याकडेही नाही, फक्त ते तसं म्हणत नाहीत. ते पान कुणी बनवलं, मला माहीत नाही. त्या सोमवारी मी ते खोडलं नाही — त्यातलं माझं एवढंच.