डायरीत लागलेलं लग्न

मुंबईत त्याला पीडीए म्हणत, डहाणूच्या मोबाइलच्या दुकानात ऑर्गनायझर, आणि आमच्या शाळेत डायरी. तळहातात मावणारं करड्या रंगाचं यंत्र, पडद्यावर टेकवायला प्लॅस्टिकची काडी. माझ्या मामेभावाला कंपनीने नवं दिलं तेव्हा जुनं माझ्याकडे आलं. "वेळापत्रक, फोन नंबर, वाढदिवस, सगळं ह्यात ठेव. तुझं आयुष्य जरा मार्गाला लागेल," असं तो म्हणाला. माझं आयुष्य मार्गावर नाही हे त्याला कुणी सांगितलं, ते विचारायचं राहून गेलं. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली, तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवणारी बाई होते आणि रोज डहाणूहून ये-जा करत होते. वाढदिवस माझे मला आठवत होते. पण जाता जाता भाऊ बोलून गेला की ह्यात म्हणे गाणीसुद्धा वाजतात, आणि मी तिथेच अडकले.

मोबाइल तेव्हा हातात आले होते, पण माझ्या मोबाइलमधून फार तर टुंगटुंग रिंगटोन निघायची. ह्या वही-पेन्सिलीच्या चुलतभावातून अख्खं गाणं कसं निघणार, हे मला पाहायचंच होतं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेवाल्याने नखाएवढं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "बेन, फाइल मोटी छे. नानी करवी पडशे." लहान करायची म्हणजे गाणं मधेच कापणार, असं मला वाटलं. तसं नव्हतं. लांबी तेवढीच ठेवून ते पातळ करायचं होतं, ताकात पाणी घालतात तसं. पातळ केलेल्या गाण्यात आवाज ओळखू यायचा, पण टाळ वाजले की कुणी तव्यावर पाणी शिंपडतंय असं वाटायचं. मला त्याचं काही वाटलं नाही. गाणं माझ्या पर्समध्ये बसून एसटीने तलासरीला येत होतं, एवढ्यानेच मी खूश होते.

मग इअरफोनची गंमत. डायरीचं भोक बारीक, बाजारातली पिन जाड. मध्ये जोड लावावा लागला आणि तो जोड ढिला निघाला. कितीतरी दिवस मला एकाच कानात ऐकू येत होतं आणि गाणारा शेजारच्या घरात बसून गातोय असं वाटत होतं. सगळी वाद्यं जवळ, आवाज लांब. एकदा तलासरीहून शाळेकडे जाताना जीपने खड्ड्यात उडी मारली, जोड नीट बसला आणि गाणारा एकदम दुसऱ्या कानात येऊन बसला. गाणं दोन कानांत वाटून ठेवलेलं असतं हे मला तेव्हा कळलं. शाळेत जाऊन हे मी सगळ्यांना सांगितलं. मुख्याध्यापकांनी मला वेळापत्रकाबद्दल विचारलं.

ऐकून घेतलं ते फक्त आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी. त्या झरी गावच्या, वारली समाजाच्या. मुलांचा डाळभात त्यांच्या हाताखाली शिजायचा. त्या सगळ्यांना 'तू' म्हणत, मुख्याध्यापकांनाही. मधल्या सुट्टीत मी त्यांच्या कानात इअरफोन घातला. चुलीपुढे उकिडव्या बसून त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं.

"चांगला गाते," त्या म्हणाल्या. "पण एकलाच गाते. त्याच्या मागून कोणी म्हणत नाय?"

"नाही म्हणत."

"मग त्याला कळते कसं, कोणी ऐकते का नाय?"

मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. तेव्हापासून रोज डाळ निवडताना त्यांना डायरी लागायची.

फाल्गुनात त्यांनी स्वतःची अडचण सांगितली. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगा कैनाडचा. मांडव वैशाखात. मावशींची आई धवलेरी होती. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. वारली लग्नात भटजी नाही आणि मंत्रही नाहीत. धवलेरी गाते, बाकीच्या बाया तिच्यामागून म्हणतात, आणि त्या गाण्यांवर लग्न लागतं. घरातली सगळी लग्नं ह्या म्हातारीने लावलेली. आता तिचा घसा बसत चालला होता. सकाळी थोडा आवाज निघायचा, दुपारपर्यंत नुसता वारा. डॉक्टर म्हणाले होते की हा आवाज परत येईल असं धरून चालू नका. दुसऱ्या पाड्यावरची धवलेरी बोलावता आली असती, पण नातीचं लग्न परक्या गळ्याने लागणार ह्या विचाराने म्हातारीचं जेवण तुटलं होतं.

"तुम्ही का नाही गात?" मी विचारलं.

"मी मागून म्हणणारी. पुढं गायला मला येत नाय," मावशी म्हणाल्या. मग डायरीकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "हिच्यात आईचा आवाज भरता येल का? आहे तवर? मांडवात डीजेच्या पेटीला लावू."

डायरीच्या कडेला एक बटण होतं, निरोप सांगून ठेवण्यासाठी. ते दाबून मी एकदा स्वतःचा खोकला भरला होता. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांच्या काळजीपेक्षा मला त्या बटणाचीच उत्सुकता जास्त होती.

रविवारी सकाळी मी झरीला गेले. म्हातारी ओटीवर तयार बसली होती, केसांना तेल लावून. मी डायरी तिच्यापुढे धरली. तिने तिला बोटाने टोचून पाहिलं आणि विचारलं, "लगीन कुणाचं?"

"तुझ्या नातीचं," मावशी म्हणाल्या.

म्हातारीने नकाराची मान हलवली. मांडव नाही, हळद नाही, नवरा तिकडे कैनाडला गाई सोडतोय, आणि आज त्यांची नावं घेऊन गायलं तर लग्न आजच लागून जाईल. मग वैशाखात काय जेवायला जमायचं? मी सुचवलं, नावं गाळून गा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले.

"नाव नाय तं गाणं कोणाच्या दारात जाल?" ती म्हणाली.

सकाळचा आवाज सरत चालला होता. मग म्हातारीने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तू अजून कुवारीच ना? तुझं लावते. नवरा कोण?"

"नवराच तर नाही," मी म्हणाले.

"मग दिसभर कानाला कोण असते?" तिने डायरीवर बोट आपटलं. "हाच."

मावशी म्हणाल्या की डायरी 'तो' नाही, 'ती', म्हणजे बाई. म्हातारीला त्यात काही अडचण दिसली नाही. "मग डायऱ्या," ती म्हणाली आणि गायला लागली.

सुरुवातीला मी हसू दाबत होते, हात हलेल म्हणून. माझं नाव, डहाणू गाव, समुद्राच्या काठचं घर, आणि नवरा डायऱ्या. आजूबाजूच्या बाया जमल्या, मागून म्हणू लागल्या, हसता हसता. म्हातारीचा आवाज फाटका होता, पण कुठे टेकायचं हे त्याला पक्कं माहीत होतं. मग गाणं माझ्या आईपाशी आलं. नवरीची आई दारात उभी आहे, तिच्या हातात काही नाही, ती कुणाला काय देणार, असं काहीसं. माझी आई तेव्हा खरोखर डहाणूच्या घरी दारात उभी राहून माझी वाट पाहत असायची, आणि माझ्या लग्नाचं बोलणं तिने अलीकडेच बंद केलं होतं. माझं हसू कुठे गेलं कळलं नाही. मी डायरीच्या पडद्याकडे बघत बसले.

म्हणजे हाती काय आलं? एक उत्तम लग्न, पण माझं. मांडवात ते लावण्यात अर्थ नव्हता. सायबर कॅफेवाल्याने कॉम्प्युटरवर आवाजाच्या रेघा काढून पाहिल्या, नावं कापता येतील का म्हणून. नावं प्रत्येक ओळीत होती, वाकळीच्या टाक्यांसारखी. ती उसवली तर हाती चिंध्याच राहिल्या असत्या. "बेन, आ तो तमारांज लगन छे," तो म्हणाला आणि त्याने माझं अभिनंदन केलं.

मावशींचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी डाळ निवडताना त्यांनी गाणी नको म्हटलं, आईचंच लाव म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्या मागून म्हणू लागल्या. मी पाहत होते. डायरी पुढे गायची, मावशी मागून. म्हातारी समोर असती तर त्यांना लाज वाटली असती. डायरीला त्या थांबवू शकत होत्या, काडीने मागे नेऊ शकत होत्या, तीच ओळ पुन्हा म्हणायला लावू शकत होत्या. वेळापत्रकासाठी बनवलेलं ते यंत्र आमच्या भटारखान्यात धवलेरी घडवत होतं, आणि ते मी डोळ्यांनी बघत होते. आठवड्यामागून आठवडा गेला तसा त्यांचा आवाज डायरीच्या मागून निघून तिच्या बरोबरीने चालू लागला.

मधे एकदा घात होता होता राहिला. भारनियमनाचे दिवस, चार्ज करायला वीज नाही, आणि ह्या डायरीची खोड अशी की बॅटरी पूर्ण उतरली की ती सगळं विसरायची. नंबर, वाढदिवस, आणि गाणं वाजवायचं कसं तेसुद्धा. लग्न तोंडावर आलं असताना सोमवारी मी बटण दाबलं तर ती मलाच माझं नाव विचारू लागली. मावशींच्या हातातलं सूप खाली आलं. म्हातारीचा आवाज तोवर पुरता गेला होता, दुसऱ्यांदा भरणं शक्यच नव्हतं. पण आवाज मी कार्डात हलवून ठेवलेला, आणि कार्ड काही विसरत नव्हतं. गाणं वाजवणारा प्रोग्रॅम तेवढा सायबर कॅफेत पुन्हा बसवून आणला. दुसऱ्या दिवशी शाळेत पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. मावशी फाटकातच उभ्या होत्या. मी इअरफोन पुढे केला, त्यांनी कानात घातला, आणि मान डोलावली.

वैशाखात झरीला मांडव पडला. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिलेला, ताडाच्या झावळ्यांची सावली, कैनाडची मंडळी टेम्पोतून आलेली. म्हातारी चौकासमोर बसली, तिच्या शेजारी मावशी. डीजेची पेटी बंद होती. मावशींनी डोळे मिटले आणि पुढे होऊन गायला लागल्या. पहिली ओळ कापरी गेली. बायांनी ती उचलून धरली, आणि मग गाणं चालू लागलं. म्हातारी ओठ हलवत होती, आवाज नव्हता. मला एवढा अभिमान वाटत होता की जणू मीच गात होते.

मुलीचं नाव बरोबर निघालं, मग नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली. मावशींनी आठवडेच्या आठवडे ज्या नावावर आवाज ठेवला होता, तेच नाव खणखणीत निघालं. "डायऱ्या." बायांनी सवयीने मागून म्हटलं, "डायऱ्या." कैनाडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. नवरदेव खाली मान घालून बसला होता, त्याने मान वर केली. मावशींनी तोंडावर हात घेतला. त्या आता उठून जाणार असं मला वाटलं.

पण म्हातारी हसली. आवाज नसलेलं, नुसतं खांदे हलणारं हसू. तिने मावशींच्या कानाला तोंड लावलं, काहीतरी पुटपुटली आणि त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. मावशींनी तीच ओळ परत घेतली, खऱ्या नावाने, आणि लग्न लागलं. म्हातारी काय म्हणाली ते मी नंतर विचारलं. "म्हणाली, पहिली चूक माझी पण अशीच व्हती, गा पुढं." तो जावई कैनाडमध्ये आजही डायऱ्याच आहे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलंय, त्यामुळे लोकांना वाटतं नाव त्यावरून पडलं.

म्हातारी जाऊन आता बरीच वर्षं झाली, माझी आईही गेली. डायरीची बॅटरी फुगून तिचं पोट वर आलंय, ती कपाटात आहे. कार्डातलं लग्न मात्र माझ्या फोनमध्ये आलं. मावशी आता गंजाडपर्यंत लग्नं लावायला जातात. गेल्या दिवाळीनंतर त्या डहाणूला दवाखान्यात आल्या होत्या, तिथून माझ्याकडे आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "आईला लाव."

एक कान त्यांचा, एक माझा, अशा आम्ही सोफ्यावर बसलो. त्या रेकॉर्डिंगला डावा-उजवा कान नाही, दोघींनाही सगळं ऐकू येत होतं. कोंबड्या, बायांचं हसणं, तो फाटका आवाज. दारात उभ्या असलेल्या आईची ओळ आली तेव्हा मी दाराकडे पाहिलं. मावशी मागून म्हणत होत्या, अगदी हळू, आईपुढे म्हणतात तशा.

गाणं संपलं. मला वाटलं त्या डोळे पुसतील. त्या उठल्या, माझ्या स्वयंपाकघरात गेल्या, डबे उघडून पाहू लागल्या आणि मुठीत तांदूळ घेऊन आल्या. माझ्या पांढऱ्या झालेल्या डोक्यावर त्यांनी ते टाकले.

"त्या दिशी राहून गेले व्हते," त्या म्हणाल्या. "आई गाणं अर्धं नाय सोडायची."

मला रडू आलं. मावशींनी माझ्या केसांतले तांदूळ काढू दिले नाहीत, संध्याकाळपर्यंत असू दे म्हणाल्या, आणि तलासरीची एसटी गाठायला निघाल्या. त्या गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी दारात उभी राहिले.