'वस्ती नाही'

हे आजवर कुणापाशी बोलले नाही — आईपाशी नाही, नवऱ्यापाशीही नाही. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

आम्ही बदलीवर कोलकात्याला आलो. मी एका सरकारी खात्यात, जमिनींच्या पाहणीचं काम. डमडमच्या आमच्या घरामागे, खात्याच्याच जागेवर, चाळीसेक झोपड्या होत्या. टाळेबंदीत तिथल्या बायकांनी सगळ्यांसाठी एकच चूल मांडली. मी मदतीला गेले आणि विचारलं, "इथं प्रमुख कोण?" मिनतीदी हसली. घरोघरी स्वयंपाक करायची ती, सगळी कामं सुटलेली. "प्रमुख कशाला? बटाटे सोलायचेत. बसा."

बसले. दोन महिने जात राहिले. भांडणं व्हायची, ती बायकाच आपापसात मिटवायच्या. कुणी उपाशी राहिलं नाही — वरून हुकूम सोडणारं कुणी नसताना! मग आम्ही ऑफिसात बसून नेमकं करतो काय? हा प्रश्न डोक्यातून जाईना. पुस्तकं आणली. बालीगंजला दर रविवारी असल्याच प्रश्नांवर बोलायला काहीजण जमायचे, तिथं जाऊ लागले. कुणाचीच सत्ता नको, माणसं आपलं आपण बघतील — 'अराज्यवाद' हा शब्द मी तिथं पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला. तेव्हा विश्वास अर्धाच होता. उरलेला अर्धा कशानं आला?

पुढं ती जागा खात्याला हवी झाली. पाहणी माझ्याकडे आली. अहवालात एक रकाना होता : वस्ती आहे किंवा नाही. 'आहे' लिहिलं असतं तर सुनावणी झाली असती, लोकांना वेळ मिळाला असता. साहेब एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पुण्याची बदली हवी आहे ना?" धमकीसुद्धा नव्हती ती. मी 'नाही' लिहिलं. खाली सही केली. हात थरथरला म्हणू? — नाही थरथरला.

सकाळी अकराला बुलडोझर आले. मी ऑफिसात होते. मुद्दाम.

त्यानंतर मी पक्की अराज्यवादी झाले. रविवारी सरकारवर अशी तुटून पडायचे की बाकीचे गप्प होत. सरकारला चेहरा नसतो, म्हणायचे. नसतो? मला तो चांगला ठाऊक होता. बदलीचा हुकूम आला, तो मी नाकारला, आणि लोकांना त्यातही त्याग दिसला.

मिनतीदी आता हावड्याच्या एका वस्तीत राहते. एकदा घरी आली. "दीदी, तुम्ही ऑफिसातल्या. तिथं कुणी राहत नाही असं लिहिणारा कोण, तेवढं शोधाल? मला त्याला एकदा बघायचंय."

"कागद सापडत नाहीत," मी म्हणाले.

उलट तिनंच माझी समजूत काढली — मनाला लावून घेऊ नका म्हणाली.

गेल्या महिन्यात तिच्या वस्तीत सभा झाली. तिथंही घरं पाडण्याच्या नोटिसा आल्या आहेत. तिनं माझी ओळख करून दिली : सरकारात राहून आपली बाजू घेणारी एकच बाई.

मी उठले, माईक हातात घेतला, आणि पाऊण तास सरकारवर बोलले.